‘फायनल चार’ आणि ‘फायनल पाच’ यांच्यात काय बदललं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. तू उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, रोज डोंबिवलीहून येतोस आणि सत्र संपताना स्वतःची कौशल्यं आणि प्रगती यांवर दोन पानं लिहून द्यायची आहेत. लिहायला बसलास तर सॉफ्टवेअरची नावं आणि तीसेक पोस्टरांची यादी यापलीकडे काही सुचेना. ‘ताई, पहिल्या वर्षापेक्षा मी पुढे गेलोय की नुसता जुना झालोय तेच कळत नाही. वर्गातल्या दोघांची कामं बघितली की आपलं काम झाकून ठेवावंसं वाटतं,’ असं लिहिलंयस. सोबत पाच कामं पाठवलीस. त्यातलं नारळी पौर्णिमेचं पोस्टर तुझं स्वतःचं सगळ्यांत लाडकं. त्या पोस्टरबद्दल मला एक सांगायचंय, पण ते शेवटी.

आधी तुझ्या कच्च्या मसुद्यातल्या त्या कौशल्याच्या पट्ट्यांबद्दल. फोटोशॉप ८५ टक्के, इलस्ट्रेटर ८०, इनडिझाइन ६०. अरे, ८५ टक्के कशाचे? मी पंचवीस वर्षांहून जास्त काळ फोटोशॉप वापरतेय आणि त्यातले कितीतरी मेनू मी आजवर उघडलेले नाहीत. मग मला किती द्यायचे? मुलाखतीला मुलं हे पट्टे घेऊन येतात तेव्हा मी त्यांच्याकडे बघत नाही. बघितलेच तर ६० लिहिणाऱ्याला आधी बोलावते, कारण उरलेल्या चाळीसमध्ये काय आहे याचा त्याला निदान अंदाज असतो.

मी गिरगावात, खाडिलकर रोडजवळच्या एका छापखान्यात कामाला लागले तेव्हा पेजमेकर, फ्रीहँड आणि कोरल येणं म्हणजे नोकरी पक्की असं होतं. पहिल्या दोघांची नावं तुझ्या वर्गात कुणाला ठाऊक नसतील. पण त्या छापखान्यात लग्नपत्रिका लावताना शिकलेली एक गोष्ट मला अजून रोज लागते. मुलीकडे दोन काका आणि मुलाकडे आठ, तरी दोन्ही बाजू तितक्याच वजनाच्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर व्याही रुसतात. आठ नावं बारीक करून कोंबायची नाहीत आणि दोन नावं फुगवायचीही नाहीत. हे कौशल्य तू कुठल्या पट्ट्यात दाखवशील?

मग बघायचं काय? संगणकावर एखाद्या कामाचं फोल्डर उघड. त्यात ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ अशा फायली असतीलच. (आमच्या स्टुडिओतही असतात. या बाबतीत वयाने काही सुधारत नाही.) ‘फायनल चार’ आणि ‘फायनल पाच’ शेजारीशेजारी ठेव आणि दोघांत काय बदललं आणि का बदललं ते एका वाक्यात लिहून बघ. मग पहिल्या वर्षाच्या एखाद्या कामाबाबत हेच कर.

पहिल्या वर्षाचं उत्तर बहुतेक असं येईल: ‘रंग बदलला, आधीचा आवडला नव्हता.’ तिसऱ्या वर्षाचं असं यायला हवं: ‘मथळा वर होता, पण फोटोतली बाई खाली टोपलीकडे बघतेय. बघणाऱ्याची नजर तिच्याबरोबर खाली जात होती आणि मथळा सुटत होता, म्हणून तो टोपलीजवळ आणला.’ मला तरी प्रगती मोजायची म्हटलं की या दोन वाक्यांमधलं अंतरच दिसतं. ‘आवडलं नाही’ हे माझी जाऊबाईही सांगते, आणि बऱ्याचदा तिचं बरोबर असतं. पण रात्री अकरा वाजता, सकाळी छपाईची प्लेट जायची असताना, कारण सांगता येणारा माणूस एकच गोष्ट हलवतो आणि झोपतो. कारण न सापडणारा पहाटेपर्यंत रंग बदलत बसतो.

तुला वाटतंय की आपलं काम पूर्वीपेक्षा वाईट दिसायला लागलंय. ते वाटणं कशा प्रकारचं आहे ते तपास. नुसतं ‘काहीतरी कमी आहे’ असं वाटत असेल तर तू अजून पहिल्या वर्षातच आहेस, मग हाताने कितीही सफाईदार काम केलेलं असो. ‘डाव्या समासापेक्षा उजवा दोन मिलिमीटरने कमी पडलाय आणि पान त्या बाजूला कललंय’ असं खुपत असेल, तर वाईट वाटू दे.

पाचही कामांचे ए-थ्री प्रिंट काढ. स्क्रीनवर नको, कागदच हवा. लाल पेन घे आणि प्रत्येकावर स्वतःच्या चुका खुणेने दाखव. मी तुझी दोन कामं अशीच तपासली. लालबागच्या मूर्तिकारांवरची पुस्तिका मला आवडली. फोटो तू स्वतः काढलेत, स्तंभांची आखणी शेवटपर्यंत पाळलीयस आणि मधल्या जोडपानावर मातीचा हात एकटा सोडून दिलास, तिथे मजकूर न घालण्याचं धाडस तू वर्षभरापूर्वी केलं नसतंस. पण मजकुरात एका ठिकाणी वरच्या ओळीतल्या ‘कृत्रिम’चा ऋकार आणि खालच्या ओळीतल्या ‘मूर्तींची’मधला रफार, वेलांटी आणि अनुस्वाराचा गुच्छ एकमेकांच्या अंगावर आलेत. दादरच्या जिन्यावरची संध्याकाळची गर्दीच. कारण साधं आहे. ओळींमधलं अंतर तू सॉफ्टवेअरने आपोआप दिलेलं ठेवलंस, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के. हे प्रमाण रोमन अक्षरांच्या अंगाने ठरलेलं आहे. आपल्या लिपीला वरही मजला आहे आणि खाली तळघरही. मजकुराला मी साधारण १४० ते १५० टक्क्यांपासून सुरुवात करते आणि फाँट बघून कमीजास्त करते.

इथेच तुझी खरी कच्ची बाजू आहे आणि त्यात तू एकटा नाहीस. मुंबईत शिकणारी बहुतेक मुलं मांडणी इंग्रजीत करतात. मराठी येते ती शेवटी, उरल्या जागेत, उशिरा आलेल्या पाहुण्याला सतरंजी टाकून द्यावी तशी. तुझ्या नाट्यमहोत्सवाच्या पोस्टरवर मथळ्याला हवा हवी म्हणून तू ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलंस. इंग्रजीत ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषा तुटली आणि अक्षरं उखडलेल्या पेव्हर ब्लॉकसारखी सुटी पडली. त्याच पोस्टरवर दिग्दर्शकाचं नाव उठून दिसावं म्हणून ते तिरपं केलंयस. इंग्रजीतली सगळी कॅपिटल अक्षरं आणि इटॅलिक या दोन सोयी आपल्याकडे नाहीत. सॉफ्टवेअरने ढकलून तिरपी केलेली देवनागरी वाऱ्यात कललेल्या मांडवासारखी दिसते. आपल्याकडे जाडी आहे, आकार आहे, रंग आहे आणि मोकळी जागा आहे. तेवढ्यात भागतं.

आणखी एक. महोत्सवाच्या नावातलं जोडाक्षर तू टाइप केलेलं नाहीस. कुठल्यातरी स्क्रीनशॉटवरून ट्रेस केलंयस. ते कडांवरून कळतं, बाकीच्या अक्षरांचे कोपरे टोकदार आणि याचे वितळलेले. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटत होती, पहिली वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसत होती म्हणून ही शक्कल काढली असशील. फोटोशॉपच्या टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवड. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर लाव. दोन मिनिटांचं काम आहे. तिसऱ्या वर्षापर्यंत हे कुणी सांगितलं नाही याचा दोष तुझ्यावर टाकणार नाही. पण अडचण आली तेव्हा तू कारण न शोधता ती झाकलीस, हे मात्र त्या दोन पानांत यायला हवं.

सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी नोंदव. फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. फरक कुणाला कळतो असं म्हणू नकोस. शाळेच्या पुस्तकाचं काम आलं की पहिली तक्रार याचीच येते. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमाला आणि लिपी प्रमाणित करणारा निर्णय काढला आणि २०२२ साली तो सुधारला. तो मिळवून एकदा वाच. रटाळ आहे, तरी वाच.

शिकायला साधनं नाहीत असं म्हणायची सोय तुमच्या पिढीला उरलेली नाही. आमच्या वेळी देवनागरी फाँट म्हणजे डाँगल (संगणकाला जोडायची किल्ली) लावून चालणारं विकतचं पॅकेज, तेही युनिकोडमध्ये नाही. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची भेळ. आज मुंबईच्याच ‘एक टाइप’ने केलेले मुक्त, बालू, मोदक हे फाँट फुकट मिळतात. त्यांचाच अनेक हा संच दहा लिप्यांमध्ये आहे. यात्रा वन हा फाँट इथल्या रेल्वे स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. तू ज्या फलाटावर रोज उभा राहतोस तिथलंच हे अक्षर. आणि ज्या मंगल फाँटला तुम्ही मुलं सरकारी म्हणून नाकं मुरडता, तो र. कृ. जोशींनी केलाय. ते जाहिरात क्षेत्रात होते, पुढे पवईला आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवत होते. स्क्रीनवर लहान आकारात देवनागरी वाचता यावी या अडचणीवरचं ते उत्तर होतं. पोस्टरच्या मथळ्याला तो वापरलास तर चूक त्याची नाही.

एका रविवारी कॅमेरा न घेता दादरला उतर आणि रानडे रोडवरून शिवाजी पार्कपर्यंत चालत जा. दुकानांच्या पाट्यांवर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, असा नियम २०२२ साली कडक झाला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मग शहरभर पाट्या घाईघाईने बदलल्या. ज्यांनी इंग्रजी नाव आहे तसं ठेवून मराठी ताणून तितक्याच उंचीची केली, त्यांची अक्षरं रबरासारखी लांबलेली दिसतील. ज्यांनी दोन्ही लिप्यांचा नव्याने विचार केला त्या पाट्या मोजक्या आहेत, पण आहेत. दहा वाईट आणि तीन चांगल्या पाट्या वहीत हाताने काढून आण आणि शेजारी कारणं लिही. शिवाजी मंदिरापाशी नाटकांचे फलकही बघ. कमल शेडगे यांनी (ते २०२० साली गेले) नाटकांची शीर्षकं अशी काढली की नाटक विनोदी आहे की गंभीर ते अक्षरावरूनच कळावं. जुन्या वर्तमानपत्रांतल्या त्यांच्या जाहिराती शोध आणि नुसती अक्षराची उभी रेघ कुठे जाड होते तेवढंच बघ.

कॉफीच्या पाकिटाबद्दल फार बोलत नाही. मॉकअप, म्हणजे तयार वस्तूच्या चित्रावर आपलं काम बसवलेला नमुना, सुंदर आहे, पण पाकीट तू केलेलं नाहीस, मॉकअप करणाऱ्याने केलंय. मॉकअप म्हणजे वरातीचा घोडा, त्यावर बसवलं की कुठलंही बोधचिन्ह नवरदेव दिसतं. तुझं चिन्ह घोड्यावरून उतरव. एका रंगात छाप, रबरी शिक्क्यावर कसं येईल बघ, नखाएवढं करून बघ. शेवटी कुणाला तरी खडूने फळ्यावर काढायला सांग. रुपयाचं चिन्ह आठव. २०१० साली स्वीकारलेलं ते चिन्ह डी. उदय कुमार यांचं, तेही आयडीसीत होते. देवनागरी र आणि दांडी नसलेला रोमन आर यांचा मेळ. भाजीवाला पाटीवर खडूने ते दोन क्षणांत काढतो. तुझ्या चिन्हात सतरा पानं आणि एका रंगातून दुसऱ्यात विरणारा ग्रेडियंट आहे.

छपाईबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण तुझ्या मसुद्यात तिचा शब्दही नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पतपेढीचा वार्षिक अहवाल माझ्याकडे होता, दोन हजार प्रती. ताळेबंदाचा मजकूर आठ पॉइंटात आणि काळा. मी तो काळा निवडला तो चारही रंग मिळून होणारा काळा, स्क्रीनवर जास्त गडद दिसला म्हणून. यंत्रावर रजिस्ट्रेशन, म्हणजे चार रंगांची एकावर एक जुळणी, केसभर हललं आणि सगळ्या आकड्यांना गुलाबी-निळी सावली आली. सभासदांना तीनाचे आठ दिसायला लागले. ताळेबंदात! ते पान पुन्हा छापावं लागलं आणि कागदाचे पैसे माझ्या पगारातून चार महिने कापले गेले. चूक सर्वस्वी माझी होती. त्यानंतर बारीक मजकुराचा काळा मी आजतागायत प्रत्येक फाइलमध्ये दोनदा तपासते. शंभर टक्के के, म्हणजे काळी शाई, बाकी तीन रंग शून्य.

म्हणून सांगते, एखाद्या छापखान्यात जाऊन उभा राहा. गिरगाव, अंधेरी, लोअर परळ, कुठेही. प्लेट कशी चढते, पहिले शंभर-दोनशे कागद रंग जुळवण्यातच कसे वाया जातात, १३० ग्रॅमच्या आर्ट पेपरवर खणखणीत आलेला फोटो मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या कागदावर, कसा बसतो ते बघ. तुझ्या पुस्तिकेला मधोमध पिना आहेत आणि पानं अठ्ठेचाळीस. घडी घातल्यावर आतली पानं बाहेर सरकतात आणि कापताना त्यांचाच समास जास्त जातो. तू पृष्ठांक कडेपासून चार मिलिमीटरवर ठेवलेत. मधल्या पानांवर ते कापले जाण्याच्या बेतात येतील. तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र, सोडलंस, ते शिकवलेलं आठवलं. पण ब्लीड का सोडतात हे कटिंग मशीनवरच्या माणसाचा हात बघितल्यावर कळतं.

वर्गातल्या त्या दोघांबद्दल. त्यांची ‘फायनल पाच’ तू तुझ्या ‘फायनल दोन’शी ताडून बघतोयस. त्यांच्याकडे मूळ फाइल माग, आपली दे. एकमेकांचे लेअर उघडून बसा. ज्याच्यापुढे तू दबतोस त्याचा निम्मा परिणाम विकतच्या टेक्श्चरचा आहे असं निघेल, किंवा त्याने वीस छोटी कच्ची चित्रं पेन्सिलने काढून मग संगणक सुरू केला असं निघेल. दुसरं निघालं तर तेच उचल. एआयनं चित्रं करून घेण्याबद्दल विचारलंयस, तर तिथेही माझी कसोटी फोल्डरचीच आहे. चाळीस प्रतिमांतून सातवी का निवडलीस आणि बाकीच्या का टाकल्यास ते सांगता आलं तर काम तुझं.

आता ती दोन पानं. तीसेक पोस्टरांतली तीनच कामं घे, त्यातलं एक फसलेलं घे. प्रत्येकाबद्दल आधी काय केलं, ते कुणी वाचलं तेव्हा काय झालं, मग काय बदललं एवढं लिही. ‘वाचलं’ म्हणजे घरी आईला पोस्टर पाच सेकंद दाखवायचं, पालथं करायचं आणि काय आठवतं ते विचारायचं. ती तारीख सांगू शकली नाही तर तारीख पोस्टरवर नाही असंच समज. शिक्षकांचा ‘छान’ हा शेरा लिहू नकोस, त्यांनी मारलेली काट लिही. सॉफ्टवेअरची नावं एका ओळीत उरक.

आणि फसलेलं काम कुठलं घ्यायचं हे शोधायला लांब जायला नको. नारळी पौर्णिमेचं ते पोस्टर. वरळी कोळीवाड्याच्या होड्या, सोनेरी नारळ, लाटांची रेघ, रंग फार सुरेख. मथळा ‘कोळी आणि दऱ्या’.

पुन्हा वाच. दर्या म्हणजे समुद्र. त्यात र चा रफार होतो आणि य च्या डोक्यावर बसतो. तू छापलायस तो ऱ्य, दऱ्याखोऱ्यांतला. म्हणजे पोस्टर म्हणतंय कोळी आणि डोंगरांमधल्या घळी. आचार्य आणि आचारी यांची गल्लत शाळेत शिकवतात ना, आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना शिधा, तसंच हे. बहुधा कीबोर्डने सुचवलं आणि तू बोट ठेवलंस. तुझ्या म्हणण्याप्रमाणे ते वर्गात दोन आठवडे भिंतीवर होतं, म्हणजे ते कुणीच वाचलं नाही, सगळ्यांनी नुसतं बघितलं. छापायला गेलं नसेल तर आजच बदल. गेलं असेल तर त्यातली एक प्रत माझ्यासाठी बाजूला ठेव, स्टुडिओत त्या पतपेढीच्या ताळेबंदाशेजारी लावते.